पाकटाच्या पाठीवरची बुळबुळ

मावशीला संशोधन केंद्रात नोकरी लागली ती तिच्या सुरीमुळे. त्याआधी चौदा वर्षं ती मासळीबाजाराच्या मागच्या रांगेत बसून लोकांचे मासे साफ करून द्यायची. एके सकाळी पांढरा शर्ट घातलेली एक तरुण बाई, नाकाला रुमाल न लावता, थेट तिच्या ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "पाकट कापता का?"

"कापते की. किती किलो?"

"मांस नको मला. शेपटीवरचा काटा हवाय. पण त्याच्यावरची कातडी कुठेही फाटता कामा नये."

पाकट म्हणजे तो पसरट, परातीसारखा मासा. तळाच्या वाळूत अंग पुरून पडून राहतो, आणि चाबकासारख्या शेपटीवर करवतीच्या दातांचा एक विषारी काटा बाळगतो. बाजारात ती शेपटी सगळ्यात आधी तोडून कचऱ्यात टाकायची रीत. ती मागायला आलेलं गिऱ्हाईक मावशीने तोवर पाहिलं नव्हतं. तिने सुरीचं टोक आत घातलं, दोन बोटांनी कातडी सैल केली आणि म्यानासकट तलवार द्यावी तसा अख्खा काटा त्या बाईच्या हातात ठेवला. बाई तिथेच, ओल्या फरशीवर उकिडवी बसून, तो उलटसुलट करून बघत राहिली. तिच्या प्रयोगशाळेतल्या तीन शिकलेल्या माणसांना महिनाभर ते जमलं नव्हतं.

आठवड्याने मावशीला नोकरी मिळाली. तिथे सगळे तिला मावशी म्हणायचे आणि त्या बाईला मॅडम. मावशीचा नवरा शिंपी होता, आळीत त्याला मास्तर म्हणत. मास्तरला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची खोड होती. तो म्हणाला, "आजवर बायको मासे कापते म्हणून सांगायचो. आता शास्त्र कापते म्हणून सांगेन. वास तोच येणार, पण मान वाढेल."

केंद्राची इमारत समुद्राला पाठ लावून उभी होती. तळमजल्यावर एक लांबलचक दालन, त्यात कमरेइतक्या उंचीच्या सहा गोल टाक्या. पंपांची घरघर कधी थांबायची नाही. नळांच्या तोट्यांवर मिठाचा पांढरा थर चढायचा, तो मावशी दर सोमवारी दातांच्या जुन्या ब्रशने खरवडायची. दिवसातून दोनदा पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजून भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचा. टाक्यांतल्या पाकटांना सकाळी कोळंबी, संध्याकाळी माकूळ माशाचे तुकडे. पाकटांना माणूस ओळखता येतो यावर तिचा आधी विश्वास नव्हता. पण चार-सहा महिन्यांत अशी वेळ आली की तिचे रबरी बूट दारात वाजले की सगळी पाकटं तळ सोडून काठाशी यायची, पंखांच्या कडा पाण्याबाहेर काढून फडफडवायची. दुसरं कुणी आलं तर ढिम्म हलायची नाहीत. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. सात नंबरची म्हातारी मादी तर तिच्या हाताखाली पाठ आणून थांबायची, मांजरासारखी.

मॅडम मूळच्या विषामागे लागलेल्या. ज्यात इतकी वेदना देण्याची ताकद आहे त्यातच वेदना थांबवण्याची किल्ली असेल, असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षं त्या किल्लीने एकही कुलूप उघडलं नाही. मग एक दिवस मावशीने टाकी घासता घासता सहज विचारलं, "मॅडम, ही सडत कशी नाहीत हो?"

"कोण?"

"ही पाकटं. विणीच्या दिवसांत नर माद्यांना चावतात. पंखाचे लचके निघतात, मांस दिसतं. पाणी तर बघताच तुम्ही, अन्न कुजलेलं, घाण. शेजारच्या टाकीतल्या दुसऱ्या माशाला नुसतं खरचटलं तरी चार दिवसांत तो बुरशी येऊन मरतो. आणि ही आठ दिवसांत कोरीकरकरीत."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कधीपासून बघताय हे?"

"आल्यापासून. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

मॅडमना ठाऊक नव्हतं. त्या विषाच्या काट्याकडे बघत होत्या, आणि पाठीवरच्या बुळबुळीकडे कुणी बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून केंद्राचं काम बदललं. पाकट ओल्या कापडाच्या झोळीत धरायचं, काट्यावर रबरी नळी चढवायची, मग मऊ प्लास्टिकच्या पट्टीने डोक्यापासून शेपटीपर्यंत हलक्या हाताने बुळबुळ ओढून घ्यायची. एका पाकटाची जेमतेम चमचाभर. काचेच्या बशीत जंतू वाढवून मधोमध तिचा थेंब टाकला की त्याभोवती स्वच्छ गोल पडायचा, जणू जंतूंनी भिऊन जागा सोडली. मावशीने तो गोल पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला आपल्या हातून काहीतरी झाल्यासारखं वाटलं. पोर झाल्यावर वाटलं होतं, त्याच्या खालोखाल.

पुढे उंदरांवर प्रयोग झाले. मॅडम तिला समजावून सांगायच्या, कारण मोजणी तिलाच करायची असे. "आठ उंदरांना लावायचं, आठांना नाही. एकावरून काही कळत नाही, मावशी. एखादा लावल्यामुळे बरा होतो, एखादा न लावता होतो. एक म्हणजे शून्यच समजा." मावशीने ते पाठ केलं. आठांच्या जखमा सहाव्या दिवशी भरल्या, उरलेल्या आठांच्या अकराव्या.

त्यावर मॅडमचा लेख छापून आला. शेवटी आभारांत एक ओळ होती: टाक्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभार. मास्तरने ती दोनदा वाचून घेतली. "कर्मचाऱ्यांचे? तिथे तू एकटीच आहेस ना? म्हणजे तुझ्यातच चार-पाच जणी मोजल्या असणार." मग वर्तमानपत्रात फोटो आला. मॅडम, टाकी, आणि कडेला मावशीचं एक कोपर. बातमीत लिहिलं होतं की येत्या पाच वर्षांत न भरणाऱ्या जखमांवरचं मलम बाजारात येईल. मास्तरने कात्रण काढून शिलाई मशीनच्या वर भिंतीला टाचणीने लावलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कोपर दाखवलं.

पाच वर्षांची आठ झाली. चिकाटी कमी पडली असं कुणी म्हणणार नाही. पण बुळबुळ प्रत्येक पाकटाची वेगळी, हिवाळ्यातली वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. एका खेपेला जंतू मरायचे, दुसऱ्या खेपेला तेच जंतू तिच्यावर पोसायचे. त्यात नेमकं कुठलं द्रव्य गुणकारी ते हाती लागेना. मॅडमच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या. दरवर्षी त्या वरच्या लोकांपुढे जाऊन अनुदान मागायच्या, आणि दरवर्षी परत येताना त्यांचा आवाज थोडा खाली उतरलेला असायचा.

याच काळात मास्तरच्या पायात सुई गेली.

त्याला साखरेचा आजार जुना होता. तळपायांना संवेदना उरली नव्हती. मशीनच्या पायट्यावर अनवाणी पाय ठेवायची सवय, आणि दुकानाच्या फरशीवर सुया काय, रोजच्याच. ती मोडकी सुई किती दिवस आत होती कुणास ठाऊक. मावशीनेच एका रविवारी त्याच्या पायांची नखं काढताना टाचेच्या पुढे काळपट डाग पाहिला. दाबला तर पू आला.

"दुखतं का?"

"नाही गं. कुणाचा पाय आहे हा?"

जखम भरेना. सरकारी दवाखान्यात एक दिवसाआड पट्टी बदलायची. तिथल्या नर्सने मावशीला सगळं शिकवलं: आधी हात धुवायचे, मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, कडा बघायच्या, वास बघायचा. मावशी चांगली शिष्या होती. कडा बघायला तर ती आधीच शिकलेली. चौदा महिने तिने ती जखम धुतली. मास्तर पाय स्टुलावर ठेवून दुसऱ्या पायाने मशीन चालवायचा आणि म्हणायचा, "एका पायावर तयार असणं म्हणजे काय, ते आता कळलं."

मावशीने मॅडमना एकदाच विचारलं. त्या बशा बघत होत्या. मावशी दाराशी उभी राहिली, बूट न काढता.

"मॅडम, आमच्या यांच्या पायाला थोडी लावून बघू का?"

मॅडमना काय ते लगेच कळलं. त्यांनी खुर्ची ओढून दिली. मावशी बसली नाही.

"मावशी, तुम्हाला नाही म्हणताना माझी जीभ जड होते. पण मी देऊ शकत नाही. ही अजून माणसाला लावलेली नाही कुणी. ती शुद्ध नाही, तिच्यात टाकीच्या पाण्यातलं काय काय असतं. समुद्रातले जंतू वेगळे असतात, त्यांना दवाखान्यातली नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. उंदराला झालं तर आपण दुसरा उंदीर घेतो."

"खरं आहे," मावशी म्हणाली आणि टाक्यांकडे गेली. तिला राग आला नाही. बाई बरोबर बोलत होती हेच तर वाईट होतं.

पुढच्या हिवाळ्यात मास्तरच्या पायाची दोन बोटं काढली. मग दवाखान्यातल्या शल्यविशारदाने पायाचा एक्स-रे दिव्यापुढे धरून सांगितलं की हाडापर्यंत गेलंय असं दिसतं, पंधरा दिवस बघू, नाहीतर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. पाय गेला की मशीन गेलं. मास्तर त्या दिवशी घरी येताना गप्प होता. दारात पोचल्यावर एवढंच म्हणाला, "चला, एका चपलेत भागेल आता." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. त्याचा विनोद पडलेला मावशीने पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी तिने सात नंबरच्या पाठीवरून बुळबुळ काढली. मॅडम बैठकीला गेल्या होत्या. झोळी धरायला दुसरं माणूस लागतं, पण सात नंबरला धरावं लागायचं नाही. ती काठाशी येऊन थांबली. मावशीने काट्यावर नळीही चढवली नाही. मध ठेवतात तसल्या छोट्या काचेच्या बाटलीत, जी तिने घरी वीस मिनिटं उकळून आणली होती, चार चमचे भरले. बाटली डब्याच्या पिशवीत ठेवली आणि तक्त्यावर तापमान लिहिलं, खारेपणा लिहिला.

मास्तरला तिने खरं सांगितलं. तो म्हणाला, "तुझी नोकरी?"

"कळणार नाही."

"मग लाव. पाकटाची पाठ माझ्या पायाला. वा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवले, आता मला माशाचं कातडं बसतंय का बघू."

पहिले तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी पट्टी सोडली तर घाण वास नव्हता. पाचव्या दिवशी जखमेची एक कड गुलाबी दिसली. कापसाच्या धाग्याएवढी, पण गुलाबी. मावशीने चष्मा पुसून पुन्हा पाहिली. चौदा महिन्यांत तो रंग तिथे आला नव्हता. तिने मास्तरला आरसा धरून दाखवला. दोघं नवराबायको त्या आरशात डोकं घालून पायाचा तळवा बघत बसली, लग्नातला फोटो बघावा तशी. सातव्या दिवशी दवाखान्यात नर्स म्हणाली, "हे काय, सुधारलं की. काय केलंत?" मास्तर म्हणाला, "सासरच्या माणसांनी मनावर घेतलं."

नवव्या दिवशी सकाळी त्याला हुडहुडी भरली. दुपारपर्यंत पोटरीवर लाल रेघा चढल्या. मावशी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. शल्यविशारदाने पट्टी सोडली, पोटरी दाबून बघितली, आणि वर न बघता विचारलं, "घरी काही लावलं होतं का? पाला, पावडर, कुणी दिलेलं काही?"

मावशीने तोंड उघडलं होतं. तिच्या ओठावर शब्द होता, हे ती पुढे स्वतःला हजारदा सांगणार होती. पण तिच्या आधी मास्तर बोलला. तापाने त्याचे डोळे तांबारले होते, तरी आवाज ठणठणीत काढला त्याने. "नाही डॉक्टरसाहेब. तुम्ही दिलंय तेच. बायको केंद्रात कामाला आहे, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही." आणि कॉटच्या कडेखालून त्याने तिचं मनगट धरलं. घट्ट.

ती गप्प राहिली. डॉक्टरने नेहमीचं औषध सुरू करायला सांगितलं. तिला त्या औषधाचं नाव माहीत होतं. बशीत वाढवलेल्या समुद्राच्या जंतूंवर ते चालत नाही, हे तिने स्वतः मोजून तक्त्यावर लिहिलेलं होतं. नर्स सलाइनची नळी जोडत होती. अजून वेळ होता. संध्याकाळपर्यंत वेळ होता, दुसऱ्या सकाळपर्यंतही होता. डॉक्टर दोनदा फेरीवर येऊन गेला. प्रत्येक वेळी ती उभी राहिली आणि प्रत्येक वेळी मास्तरने तिच्याकडे बघून मान हलवली. पहिल्या दिवशी ती नोकरीसाठी गप्प होती. दुसऱ्या दिवशी गप्प होती ती आदल्या दिवशी गप्प राहिली म्हणून.

तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वरून पाय काढला. चौथ्या दिवशी मास्तर थोडा शुद्धीवर आला. त्याने पाण्यासाठी ओठ हलवले, मावशीने चमच्याने पाणी घातलं. तो काहीतरी बोलला, पण ते तिला कळलं नाही, आणि पुन्हा बोलायला त्याच्यात त्राण नव्हतं. विनोद असेल. विनोदच असणार. पाचव्या दिवशी दुपारी, भेटायची वेळ संपल्याची घंटा वाजत असताना, तो गेला.

शल्यविशारद बाहेर येऊन तिच्याशी नीट बोलला. भला माणूस होता. म्हणाला, "हाडात आधीच होतं. रक्तात उतरायला वेळ लागत नाही. तुम्ही जितकं केलंत तितकं फार थोडे लोक करतात." तेव्हाही ती सांगू शकली असती. पण आता सांगून वाचायचं कोण होतं?

लेक दुसऱ्या शहरातून आली, सगळं तिनेच निभावलं. जाताना मशीनवरचं कात्रण काढून, घडी घालून, पर्समध्ये ठेवून घेऊन गेली.

बाराव्या दिवशी मावशी कामावर गेली आणि सरळ मॅडमच्या खोलीत जाऊन बाटली टेबलावर ठेवली. तळाला बोटभर उरलं होतं, पिवळसर, विरजलेलं. तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, तक्ता वाचावा तसं. कुठल्या दिवशी किती लावलं, कड कधी गुलाबी झाली, ताप कधी आला.

मावशीचं झाल्यावर मॅडमनी एकच विचारलं. "डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. त्यापेक्षा मावशीला शिव्या परवडल्या असत्या.

"हे तपासा," ती म्हणाली. "यात काय होतं ते सांगा. माझ्यामुळे गेले की आधीच जाणार होते, एवढं कळू द्या. मग काय करायचं ते करा माझं."

मॅडमनी बाटली हातात घेतली, प्रकाशात धरली. "मावशी, ही तीन आठवड्यांहून जास्त घरात राहिलीय. यात आता काहीही उगवेल. जे उगवेल त्याला अर्थ नाही."

"मग त्यांच्या अंगातलं? दवाखान्यात रक्त घेतलं होतं."

"त्यांनी त्यांच्या पद्धतीने बघितलं असेल. समुद्रातले जंतू आहेत का ते बघायला आधी कुणाला शंका यायला हवी." त्या थांबल्या. "शंका यावी असं कुणी बोललंच नाही त्यांच्याशी."

"पण पाचव्या दिवशी गुलाबी झाली होती. मी बघितली. नर्सनेसुद्धा बघितली."

"झालीही असेल."

"म्हणजे गुण होता?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. एकावरून..." आणि ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्यांनी वर कळवलं नाही. मावशीला काढलंही नाही. त्याने मावशीची सुटका झाली नाही, उलट कोंडी झाली. त्यानंतर दोघी एकमेकींशी फक्त पाण्याच्या तापमानाबद्दल बोलायच्या. झोळी धरताना मॅडम समोरचं टोक धरायच्या आणि नजर पाकटावर ठेवायच्या.

सात महिन्यांनी अनुदान बंद झालं. वरच्या लोकांचं म्हणणं सोपं होतं: अकरा वर्षांत एकसारखी दोनदा न वागणारी वस्तू औषध होऊ शकत नाही. मॅडमना दूरच्या एका विद्यापीठात शिकवायची नोकरी मिळाली. टाक्या महिनाअखेर रिकाम्या करायच्या होत्या. पाकटं समुद्रात परत सोडायची नाहीत, टाकीतला रोग बाहेर जाईल, असा नियम. मत्स्यालयांना विचारून झालं, कुणाला नको होती. उरला एकच मार्ग. पाण्यात औषध मिसळायचं, आधी झोपेपुरतं, मग त्याच्या पुढचं.

"बाहेरून माणूस बोलावते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नका करू."

"बाहेरच्या माणसाला ती घाबरतील," मावशी म्हणाली. "फडफडतील. मीच करते."

तिने सकाळी सहाही टाक्यांना कोळंबी घातली, रोजच्यापेक्षा जास्त. मग एक एक टाकी केली. पाकट मरताना फारसं काही करत नाही. डोळ्यांमागची श्वासाची भोकं सावकाश उघडझाप करतात, आणि एकदा उघडली की मिटत नाहीत. सात नंबर शेवटच्या टाकीत होती. मावशीने औषध ओतलं तेव्हा ती सवयीने काठाशी आली आणि हाताखाली पाठ देऊन थांबली. मावशीने हात काढला नाही. पाठ तशीच बुळबुळीत होती, गार, गुळगुळीत. जखम झाली तरी आठ दिवसांत भरून येईल अशी.

संध्याकाळी तिने पंप बंद केले. इतकी वर्षं जी घरघर कानाला कळत नव्हती ती थांबल्यावर तिला चक्कर आली, आणि ती टाकीची कड धरून खाली बसली. मॅडम आल्या, शेजारी ओल्या फरशीवर उकिडव्या बसल्या. निघताना मॅडमनी तिला जवळ घेतलं. मावशीचे हात तिच्या अंगाला लटकत राहिले.

ती लेकीकडे राहायला गेली. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, जावई शांत स्वभावाचा, नात पाच वर्षांची. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाइप दिसायचे. लेकीने ते वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत घालून टीव्हीशेजारी लावलं होतं. शेजारीण आली की ती सांगायची, "आमची आई शास्त्रज्ञांबरोबर होती. हे कोपर तिचं." मास्तरचाच सूर, मास्तरचंच हसू. मावशी उठून आत जायची.

चार महिने तिने ते सोसलं. एका दुपारी लेक इस्त्री करत होती. इस्त्रीवरून नजर न काढता म्हणाली, "आई, तू बाबांचं जे केलंस ना, ते मला जन्मात जमलं नसतं. रोज ती जखम धुवायची म्हणजे..."

मावशीने सांगून टाकलं. सात नंबर, बाटली, गुलाबी कड, ताप, डॉक्टरचा प्रश्न. लेकीने इस्त्री उभी करून ठेवली. ऐकताना ती आईकडे बघत नव्हती, हातातल्या शर्टाच्या कॉलरकडे बघत होती.

"बाबाच नाही म्हणाले?"

"हो."

"आणि तू?"

"मी काही बोलले नाही."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

लेकीने कॉलर बोटांनी सरळ केली. मग म्हणाली, "तू मुद्दाम थोडंच केलंस," आणि इस्त्री उचलली. शर्ट पुरा केला, घडी घातली, दुसरा घेतला. रागावली नाही, रडली नाही. रात्री जेवायला वाढलं, नेहमीसारखं. कात्रणाची चौकट दुसऱ्या दिवशी भिंतीवर नव्हती.

मावशीला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी होईल. आभाळ तरी कोसळेल, नाहीतर छातीवरचा दगड तरी हलेल. दोन्ही झालं नाही. घर चालू राहिलं. सकाळी जावई चहाचा कप तिच्या हातात द्यायचा, पूर्वी द्यायचा तसाच. फक्त आता कप दिल्यावर लगेच हात मागे घ्यायचा, असं तिला वाटायचं. कदाचित आधीपासून तसाच घेत असेल. तेही आता कळायला मार्ग नव्हता.

आठवड्याभराने नात जिन्यात पडली. गुडघा खरचटला, थोडं रक्त आलं. ती भोकाड पसरून सरळ आजीकडे धावत आली आणि मांडीवर चढून बसली. मावशीने तिचे डोळे पुसले, उठून हात धुतले, एकदा, दोनदा, नखांच्या कडांपर्यंत. कपाटातून कापूस काढला. मिठाचं पाणी करायला वाटी घेतली.

लेक स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आई, राहू दे," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. "तू राहू दे. मी करते."

तिने आईच्या हातातला कापूस घेतला, पोरीला कडेवर उचललं आणि दुसऱ्या खोलीत गेली. दार लावलं नाही, नुसतं ओढलं. आतून नातीचं रडणं ऐकू येत राहिलं, मग हुंदके, मग काहीतरी विचारल्याचा बारीक आवाज, आणि लेकीचं उत्तर, जे बाहेरून कळलं नाही. मावशी ओल्या हातांनी ओट्यापाशी उभी होती. हात पुसायला फडका समोरच टांगलेला होता. तो घ्यायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.